कवटीच्या खोळीतली पर्स

आमच्या नणंदेइतकी शहाणी बाई बदनापुरात दुसरी झाली नाही, आणि एवढं शहाणपण असून इतका पैसा मातीत घातलेलीही दुसरी झाली नाही. या दोन्ही गोष्टी मी तिच्या तोंडावर पुष्कळदा सांगितलेल्या आहेत, म्हणून तिच्या माघारी लिहायला मला काही वाटत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा ती परकरात होती. तिच्या वेण्या मी घातल्या, उवा मी काढल्या, आणि पुढं ती मास्तरकीचं शिकायला निघाली तेव्हा तिची वळकटीही मीच बांधली. मी स्वतः चौथीपर्यंत शिकले. ती शिकून मास्तरीण झाली, आमच्या वस्तीतली पहिली. तिचं लग्नही झालं होतं. पण नवऱ्यानं एक दिवस विचारलं, "तुला शाळा पाहिजे का मी पाहिजे?" हिनं घोटभर पाणी पिण्याइतकाही वेळ घेतला नाही. "शाळा," म्हणाली, आणि पत्र्याची पेटी उचलून परत आली. इतक्या नीट डोक्याच्या बाईनं पुढं एका पर्सपायी जे काही केलं, ते बघून मला वाटायचं, की शहाणपणालाही कुठंतरी गळती असतेच.

ही सत्तर सालाच्या पुढची गोष्ट. तेव्हा जालना जिल्हा झालेला नव्हता. शिक्षकांचं शिबिर असो की कचेरीचं काम, सगळ्यांनी औरंगाबादेला जायचं. तशाच एका शिबिराला ही गेली आणि येताना पर्स घेऊन आली. पर्स म्हणजे काय, तर चॉकलेटी चामड्याची, विटेएवढी, खांद्याला अडकवायला बोटभर रुंदीचा पट्टा आणि तोंडाला पितळी कळ. कळ दाबली की 'टच्च' असा आवाज व्हायचा. आत गुलाबी अस्तर, अस्तराला शिवलेला रुपयाएवढा आरसा. आणि दर्शनी बाजूला, बनवणाऱ्याच्या नावाची इंग्रजी पितळी पट्टी. ते नाव मला काही वाचता आलं नाही. पण काचेची दारं असलेल्या त्या दुकानातल्या माणसानं हिला सांगितलं होतं, की मुंबईच्या बंगल्यातल्या बाया या नावाशिवाय दुसरी पर्स हातात धरत नाहीत. मी म्हटलं, "दुसऱ्याचं नाव अंगावर मिरवायचं तर पैसे त्यानं आपल्याला द्यावे. आपण त्याला कशापायी?"

किंमत सांगायला तिनं बरेच दिवस लावले. सांगितली तेव्हा माझी सासू भिंत धरून खाली बसली. पगाराचा मोठा लचका त्या विटेनं तोडला होता. "एवढ्यात शेळी आली असती गं," सासू म्हणाली. "शेळीलाबी तोंड असतं, पण ती खाऊन दूध तर देती. तुझ्या ह्या तोंडातून नुसतं टच्च."

पण सासूचं खरं दुखणं किमतीचं नव्हतं, चामड्याचं होतं. आमच्या लोकांनी धर्म बदलला त्याआधीपासूनच गावातली मेलेली ढोरं ओढणं आम्ही सोडलं होतं. सासूच्या वडलांनी तर त्यापायी गावाशी वैर घेतलं होतं; गावानं चक्की बंद केली, तर तिच्या आईनं जात्यावर दळून दिवस काढले. अशा घरातली ती म्हातारी. तिनं पर्स हातात घेतली, वास घेतला आणि विचारलं, "हे गाईचं का म्हशीचं?" नणंद म्हणाली, "दुकानदारानं सांगितलं न्हाई." सासू म्हणाली, "ढोरं ओढायची सोडली म्हणून माझ्या बापानं मार खाल्ला. अन् तू पैसे मोजून चामडं घरात आणलं?" त्यावर आमच्या मास्तरीणबाई काय म्हणाव्या? "माय, तवा ते खांद्यावर यायचं ते दुसऱ्याच्या हुकमानं. आता माझ्या मर्जीनं आलंय." बोलण्यात तिचा हात कुणी धरला नाही. पण सासूही तिचीच आई. तिनं निकाल दिला, की मर्जी खांद्यावर राहू दे, चामडं उंबऱ्याच्या आत येणार नाही.

झालं. घरातली सगळ्यात महाग वस्तू ओसरीतल्या खिळ्याला, खराट्याच्या शेजारी. नणंद शाळेतून आली की पर्स खिळ्याला अडकवायची आणि मग घरभर तिचा एक डोळा बाहेर. भाकरी खाताना दाराकडं तोंड करून बसायची. तरी एका दुपारी शेजारणीची शेळी ओसरीत आली आणि तिनं खाली लोंबणारा पट्टा तोंडात धरून निवांत चघळला. नणंद ओरडत धावली, तोवर पट्ट्याची एक बाजू भिजून लगदा झालेली. सासू आतून म्हणाली, "बघ, शेळी घेतली असती तर घरचीनं तरी खाल्लं असतं." नणंदेनं पट्टा पुसला, तेल लावलं, सावलीत वाळवला. वरून काही दिसत नव्हतं. पण मी हात लावून बघितला होता. आतून तो गेलेला होता.

आता माझ्या पिशवीचं सांगते, कारण तिच्याशिवाय या पर्सची लायकी कळणार नाही. मी तेव्हा रोज सकाळच्या गाडीनं जालन्याला जायची. तिथं एमआयडीसीत बियाण्याचा कारखाना होता, त्यात पोत्या-पिशव्यांची तोंडं शिवायचं माझं काम. हातात दाभण, म्हणजे बोटापेक्षा लांब, जाड सुई, आणि सुतळी किंवा दोरा. कापडी पिशव्यांवर बियाण्याचं नाव छापलेलं असायचं, आणि औषध चोळलेल्या बियाण्याच्या पिशवीवर लाल रंगात कवटी आणि दोन हाडं, माणसानं खाऊ नये म्हणून. छपाई बिघडली की ती पिशवी बियाणं न भरताच मुकादम बायांना देऊन टाकायचा. अशा कोऱ्या पिशव्यांच्या मी दुहेरी कापडाच्या, बंदाच्या पिशव्या शिवायची. माझ्या पिशवीत डबा मावायचा, तांब्या मावायचा, येताना पायलीभर ज्वारी मावायची, आणि गाडीत जागा नसली तर तीच खाली टाकून बसायची. धुतली की नवी. फुकटातली. अख्ख्या बदनापुरात माझ्या हातच्या पिशव्या होत्या, आणि कुणाचा बंद तुटला असं मी ऐकलं नाही.

पर्समध्ये काय मावायचं? रुमाल, कंगवा आणि पावडरीची डबी. डबा मावायचा नाही, मुलांच्या वह्या मावायच्या नाहीत, छत्रीचं तर नावच नको. म्हणून ही बाई पर्सच्या जोडीला माझी पिशवी घेऊन जायची. सगळं ओझं पिशवीत, मान सगळा पर्सला. तिचा आकार बसू नये म्हणून आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले. पैसे कमरेच्या पिशवीत, कारण पर्स चोराच्या डोळ्यात भरते म्हणे. मी विचारलं, "मंग ती पैशाला न्हाई, डब्याला न्हाई, वह्याला न्हाई. हाये कशाला?" तर म्हणाली, "वैनी, तुमाला न्हाई कळायचं."

पुढं धुळीनं चामडं खराब होतं म्हणून तिनं माझ्याकडून पर्सला खोळ शिवून घेतली. माझ्याजवळ तेव्हा कवटीचंच कापड होतं. मी बेतानं अशी शिवली, की कवटी बरोबर पितळी पट्टीवर यावी. म्हणजे एवढे पैसे घालून घेतलेली मुंबईची पर्स एसटीत, रस्त्यात, बाजारात सगळ्या लोकांना विषारी बियाण्याची थैली म्हणून दिसायची. मुक्कामाचं ठिकाण आलं, की बाईसाहेब झाडाआड जाऊन खोळ काढणार, घडी करून माझ्या पिशवीत ठेवणार आणि पर्स खांद्याला लावून पुढं निघणार. मी तेव्हापासूनच तिला बाईसाहेब म्हणू लागले. ती चिडायची, पण हाकेला ओ द्यायची.

एकदा आम्ही दोघी अंबडला निघालो होतो. त्या दिवशी खोळ काढलेली होती, कारण एसटीत पुढं कुणी शाळा तपासणारे साहेब बसले होते. कंडक्टर आला. बाईसाहेबांनी पर्स मांडीवर घेतली, टच्च करून उघडली, आत बघितलं, आरशात कुंकू नीट आहे का ते पाहिलं, टच्च करून मिटली, आणि मग पदराआड हात घालून कमरेचे पैसे काढून दिले. कंडक्टर चिमटा हातात धरून बघतच राहिला. म्हणाला, "बाई, मंग ते उघडलं कशाला?" नणंद म्हणाली, "पैसे हायेत का बघितलं." तो म्हणाला, "अन्?" ही म्हणाली, "न्हाईत." सगळी गाडी हसली. ती नाही हसली.

तिचं म्हणणं तिनं मला एकदाच उलगडून सांगितलं, तेही मी फार छळलं म्हणून. गाडीची वाट बघत आम्ही बदनापूर स्टेशनावर बसलो होतो. ती म्हणाली, "वैनी, मी लई बघितलं. कचेरीत जा, दवाखान्यात जा, परगावी जा. हातात पिशवी बघितली की लोक जात विचारतेत. पर्स बघितली की नाव विचारतेत. अन् खुर्ची देतेत." मी म्हटलं, "चामड्याच्या तुकड्याला खुर्ची देणारा माणूस मला दाखव, मी त्याला दाभणानं शिवते." ती म्हणाली, "तुमी शिवत बसा. मला तर खुर्ची पाहिजे." मला तेव्हा वाटलं, एवढी शिकून हिला एवढीच अक्कल आली. खुर्चीत बसून असं काय वेगळं दिसतं?

मग तिची बदली वडीगोद्रीला झाली आणि पर्सची खरी परीक्षा आली. बदनापूरहून जालना, जालन्याहून अंबड, अंबडहून वडीगोद्री. एक गाडी चुकली की पुढची सगळी साखळी तुटली. आठवडाभरात तिला उशीर झाला, परत झाला. हेडमास्तरांनी बजावलं, की बाई, गावात खोली करा, नाहीतर मला वर कळवावं लागेल, आणि तुमची नोकरी अजून कच्ची आहे. ज्या नोकरीसाठी नवरा सोडला, ती आता एका खोलीवर आली. आणि खोली मिळणं म्हणजे काय, ते आमच्या लोकांना कुणी शिकवायला नको. गावातल्या आमच्या वस्तीत घरंच एवढीशी, की त्यांचीच माणसं आळीपाळीनं आत झोपायची. बाकी गावात हिनं पिशवी घेऊन विचारलं तेव्हा, "खोली हाये, पण तुमी कोण?" इथपासून गाडी सुरू व्हायची आणि तिथंच थांबायची.

एका शनिवारी तिनं खोळ काढली, पर्सला तेल लावलं आणि सडकेजवळच्या एका घरी गेली. घरमालकीण म्हातारी, नवरा वारलेला, पोरगा पुण्याला. म्हातारीनं पर्स बघितली. "बघू बरं," म्हणून हातात घेतली, कळ दाबली, टच्च ऐकून लहान पोरीसारखी हसली, मऊ चामडं गालाला लावून बघितलं. "मोठ्या घरच्या दिसता मास्तरीणबाई," म्हणाली. नाव विचारलं. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून काही कळत नाही. पुढं विचारलंच नाही. खोली मिळाली, बसायला खुर्चीही मिळाली. नणंद बदनापूरला आली ती जग जिंकल्यासारखी. "बघा वैनी," म्हणाली, "नाव विचारलं!" मी म्हटलं, "अन् जात?" ती म्हणाली, "विचारली तर खोटं बोलायचं न्हाई. विचारली न्हाई तर माझ्याकडं काय तोंड वर करून सांगायचं काम हाये?" त्या दिवशी पहिल्यांदा पर्स खिळ्यावरून आत आली. उंबऱ्याच्या आत, पण जमिनीवर नाही. सासूनं तिला उतरंडीवर जागा दिली. एवढंच म्हणाली, "कमावती झाली म्हणायची."

दीड-दोन महिने सुखाचे गेले. शाळेला उशीर नाही, हेडमास्तर खूश. पण खोली टिकवायची तर पर्स टिकवायला लागत होती, कारण म्हातारीचा तिच्यावर जीव जडला होता. ती दर दोन दिवसांनी येऊन पर्स उघडून मिटून जायची. पुढं ती मागूनच न्यायला लागली. बाजाराला जाताना, जावयाकडं जाताना. एका लग्नाला तर ती पर्स काखेत मारून मांडवभर फिरली, आणि "आमच्या मास्तरीणबाईची" म्हणून सगळ्या बायांना टच्च करून दाखवली. मला ऐकून हसूही आलं आणि अंगाची आगही झाली. मेलेल्या जनावराचं कातडं या बाईला गालाला चालत होतं. आमच्या हातचं पाणी तिला चाललं असतं का, हे मला माहीत होतं.

त्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी पीठ आणि चटणी घेऊन वडीगोद्रीला गेले. रविवार होता. बघते तर म्हातारी ओट्यावर पर्स मांडीवर घेऊन बसलेली, तोंड उतरलेलं. पट्टा तुटला होता. "मी काही ओढला न्हाई हो," ती म्हणत होती, "नुसता खांद्याला लावला अन् गेला." शेळीनं चघळलेली तीच बाजू. नणंद दारात उभी. तिनं दाराची चौकट घट्ट धरलेली. पट्ट्यासाठी नव्हे, मला बघून. कारण मी कारखान्यातल्या लुगड्यावर होते आणि काखेत कवटीची पिशवी.

म्हातारी म्हणाली, "चांभाराकडं देते नीट करायला." मी म्हटलं, "तो काय वेगळं करणार? आणा इकडं." दाभण आणि दोरा माझ्या पिशवीत कायम असतो. मी ओट्याखाली पायरीवर बसले आणि पट्टा शिवायला घेतला. खराब भाग कापला, टोकं एकावर एक घेतली, मेण लावून दोरा दुहेरी केला आणि पोत्याचं तोंड शिवतो तसे टाके घातले. देखणे नव्हते, पण बैल बांधला तरी तुटले नसते. म्हातारी वाकून बघत होती.

"हात लई चांगला बसलाय की तुमचा. कुठं शिकल्या?"

"कारखान्यात. बियाण्याच्या पोत्यांची तोंडं शिवते."

"मजुरीनं?"

"मंग काय फुकट शिवू?"

ती हसली, आणि हसता हसता थांबली. माझ्याकडं बघितलं, पिशवीकडं बघितलं, दारातल्या नणंदेकडं बघितलं. "मास्तरीणबाईंची भावजय मजुरीला जाती?" असं स्वतःशीच बोलली. मग म्हणाली, "राग नका मानू, पण तुमी लोक कोण म्हणायचे?"

हा प्रश्न मला जन्मभर लोकांनी विचारला आहे, त्याचं मला नवल नव्हतं. मी दोरा दातानं तोडत होते. तोंड रिकामं झालं की सांगणारच होते. पण माझ्या आधी नणंद बोलली. "आमी बौद्ध, मावशी." वर्गात हजेरी घेताना असतो तसा तिचा आवाज होता. वर नाही, खाली नाही.

शिवलेली पर्स मी पुढं केली होती आणि म्हातारीनं सवयीनं हात लांब केला होता. तो हात मधेच थांबला. पर्स तिनं घेतली नाही. "ठेवा तिथंच," म्हणाली आणि पदराला हात पुसत आत गेली. थोड्या वेळानं आतूनच आवाज आला, "मास्तरीणबाई, माझ्या लेकाचं येणं व्हायलंय. खोली लागंल."

मी विचारलं, "कधी येणार लेक?"

"आजच."

"आत्ता आत जाऊस्तोवर तर न्हवता येत. चुलीतून तार आली व्हय?"

"वैनी, चला," नणंद म्हणाली. तिनं पेटी भरली, वळकटी बांधली. कुणी म्हणेल, की मी तिथं दाभण काढलं नसतं तर खोली राहिली असती. म्हणो. जी खोली एका सुईनं फुटते, ती खोली नव्हे, फुगा. मी हे तिला तिथंच सांगितलं असतं. पण ती पेटीवर पालथी पडून कडी लावत होती आणि कडी लागत नव्हती. मग मी दुसऱ्या बाजूनं दाबलं.

फाट्यावर येऊन आम्ही पेटीवर बसलो. ऊन डोक्यावर. शेवटची गाडी धरून बदनापूर गाठलं असतं, पण सकाळी घंटेच्या आत ती परत कशी येणार? आणि हेडमास्तरांनी वर कळवलं की संपलं. नणंदेनं पर्सला खोळ घातली, नाडी ओढली, आणि कवटी वर करून मांडीवर ठेवली. मला म्हणाली, "बोला आता. तुमची बारी हाये." तिला चिडवायला मला कधी वेळेची वाण पडली नव्हती. तेवढी एक वेळ सोडली.

सडकेच्या पलीकडं एका मुसलमानाचं टायर-पंक्चरचं दुकान होतं. त्याची बायको हापशावर घागर भरत होती. ती मघापासून आमच्याकडं बघत होती. शेवटी घागर कमरेवर घेऊन आली.

"धूप में कायकू बैठे जी? खाना खाए क्या?"

आम्ही खाल्लं नव्हतं. तिनं आम्हाला दुकानामागच्या पडवीत नेलं, ज्वारीची भाकर आणि वांग्याचं सालन वाढलं, आणि आम्ही जेवत होतो तोवर एक शब्द विचारला नाही. पोट भरल्यावर नणंदेनंच आपण कोण, खोली कशी गेली, सगळं पहिल्यापासून सांगितलं, अगदी जातीसकट. ती बाई ऐकून म्हणाली, "पीछे एक कमरा है. टायरां पड़े सो हैं उसमें. टायरां हटाते, तुम रहो. पानी का हापसा सामनेच है." मग तिची नजर खोळीवर गेली. "ये क्या जी, थैली में जहर है क्या?"

नणंदेनं खोळ काढून पर्स तिच्या हातात दिली. तिनं उलटीपालटी केली, उघडली, बोळे बघितले.

"इसमें आता क्या?"

"आईना," नणंद म्हणाली.

"बस? फिर इत्ता बड़ा ताला कायकू?"

मी एवढी हसले, की ठसका लागून पाणी प्यावं लागलं. आणि काय सांगावं, नणंदही हसली. एसटीतलं हसू तिनं तेव्हापासून साठवून ठेवलं असावं. त्या दिवशी टायर हटवताना आम्हा तिघींचे हात काळे झाले, आणि संध्याकाळी तिथं चूल पेटली. निघताना मी म्हटलंच, "बघ बाईसाहेब, खोली कुणाच्या जोरावर मिळाली? पर्स खोळीत होती. वर माझी पिशवी होती." ती म्हणाली, "वैनी, तिनं पिशवीबी न्हाई बघितली. आधी जेवायला वाढलं." आणि वर म्हणाली, "पण अशी बाई दर फाट्यावर थोडीच बसलेली असती? बाकीच्या फाट्यांवर पर्सच लागती."

कुत्र्याच्या शेपटासारखी बाई. वाटलं होतं, आता तरी पर्स पेटीत जाईल. कसलं काय! दुसऱ्या दिवसापासून तिनं खोळ काढली ती गावात परत घातली नाही. शाळेला जायला जवळची वाट होती. ती सोडून ही रोज त्या म्हातारीच्या ओट्यासमोरून जायची. खांद्याला पर्स, पट्ट्यावर माझे पोत्याचे टाके लांबून दिसणारे, आणि बरोबर ओट्यासमोर आली की काही कारण नसताना कळ दाबायची. टच्च. पुढं. म्हातारी तोंड फिरवायची, पण कान कुठं फिरवणार? असं किती दिवस चाललं कोण जाणे. पुढं एकदा म्हणे म्हातारीनंच ओट्यावरून विचारलं, "शिवण टिकली का?" ही म्हणाली, "टिकली." बस, एवढंच. खोली परत देऊ केली नाही, आणि हिनंही मागितली नसती. त्या टायरवाल्याच्या खोलीत ती पुढची बदली होईपर्यंत राहिली, नोकरी पक्की झाली, आणि त्या बाईच्या पोरींना तिनं पाढे शिकवले. पोरींनी तिच्या पर्सच्या आरशात बघून दात मोजले.

मी पर्सवरून तिला बोलायचं सोडलं नाही. तिनंही ऐकून घ्यायचं सोडलं नाही. पेन्शनीत निघाल्यावरही ती बाजाराला निघाली, की एका खांद्याला पर्स आणि एका हातात माझी पिशवी. पर्सची चॉकलेटी गेली, तिच्या कोपऱ्यांना भेगा पडल्या. नावाची पितळी पट्टी कधीतरी गळून पडली, आणि एवढे पैसे ज्या नावाला दिले ते कुठं पडलं हेही तिच्या ध्यानात आलं नाही. पट्टा मात्र शेवटपर्यंत माझ्याच टाक्यांवर होता. हे मी तिला सांगितलं की ती म्हणायची, "म्हणजे पर्स तुमच्यामुळं टिकली. मंग शिव्या कशाला देता?" यावर मी आणखी शिव्या द्यायची.

ती गेली त्याला आता पुष्कळ दिवस झाले. तिच्या वस्तू घरातल्यांनी वाटून घेतल्या. पर्स कुणालाच नको होती. फेकायची म्हणून मी घेतली आणि फेकायची राहून गेली. चष्मा ठेवायला ती बरी पडते. माझ्या पिशवीत चष्मा खाली जातो आणि कांद्याखाली सापडतो.

परवा डोळे दाखवायला जालन्याला गेले होते. दवाखान्यात ही गर्दी. मी दाराशी उभी होते, तर टेबलामागची पोरगी उठली, खुर्ची पुढं ओढली. "बसा आजी," म्हणाली, "नाव काय तुमचं?" मी नाव सांगितलं आणि खुर्चीत बसले. पर्स मांडीवर होती. नणंद असती तर तिथंच कोपर मारलं असतं, "बघा वैनी! खुर्ची अन् नाव, दोन्ही." मी म्हटलं असतं, "अगं, पांढरे केस बघून दिली तिनं खुर्ची, अन् नाव तर चिठ्ठीवर लिहायला सगळ्यांनाच विचारतेत." ती म्हणाली असती, "मागं दुसऱ्या म्हाताऱ्या उभ्या हायेत, त्यांना का न्हाई दिली?" मी वळून बघितलं. खरंच दोघी-तिघी उभ्या होत्या, हातात पिशव्या घेऊन. मी एकीला खुर्ची दिली. पण तेवढ्यानं काही भांडण मिटलं नसतं. ते बदनापूर येईपर्यंत पुरलं असतं.

येताना एसटीत खिडकीजवळ जागा मिळाली. शेजारी कुणी नव्हतं. कंडक्टर आला. मी पर्स मांडीवर घेतली, टच्च करून उघडली, आत बघितलं, आरशात बघितलं, टच्च करून मिटली. मग कमरेचे पैसे काढून दिले.